काकांनी वाटलेली भावंडं

आज नाशकात आमच्या थोरल्या काकांच्या नव्वदीचा कार्यक्रम होता. माइक हातात येताच काकांनी अक्कल पाजळली, "भावाचा संसार मोडला, पण मी कुणाला कोर्टाची पायरी चढू दिली नाही. एका बैठकीत निकाल! मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे. समसमान!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंडळी, तो मुलगा मी. ती मुलगी माझी बहीण सुमी, शेजारीच बसलेली.

ऐंशीच्या दशकात या न्यायमूर्तींनी पोहे खात खात आम्हाला तांब्या-पातेल्यांसारखं वाटून टाकलं. मी नाशकात, सुमी आईबरोबर येवल्याला. भेट फक्त भाऊबीजेला, अर्ध्या वाटेत, निफाडच्या एसटी स्टँडवर. ती बाकड्यावरच मला ओवाळायची, की लगेच माझ्या परतीच्या बसचा हॉर्न वाजायचा. काकांची स्वतःची दोन्ही पोरं मात्र कायम एका ताटात जेवली.

"सुमे, ये गं, ओवाळ मला," काका स्टेजवरून म्हणाले.

सुमी वर गेली. तिने ताट उचललं, ते घेऊन सरळ खाली आली आणि मला ओवाळलं. अगदी सावकाश. काका कपाळ पुढे करून तसेच बसून राहिले.

तुमच्याकडच्या न्यायमूर्तींना कुणी कधी असं बसवून ठेवलंय का हो?