सासूबाईंनी घेतलेला इंटरव्ह्यू

नऊ वर्षांनी मी नोकरीसाठी अर्ज केला होता. मुलुंडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, पेशंटना वेळा द्यायचं काम. लग्नाआधीपासून एका ऑफिसात होते, पण सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि ते सुटलं. मागच्या वर्षी सासरे गेले.

मोबाइलवर शोधून मी इंटरव्ह्यूचे प्रश्न वहीत मराठीत लिहून काढले आणि वही सासूबाईंच्या हातात दिली. त्या नाहूरच्या आमच्या घरात खाली बसून सुक्या मासळीतला जवळा निवडत होत्या. हात पदराला पुसून, चष्मा लावून त्या वाचायला लागल्या. "तुमच्या उणिवा सांगा."

मी पाठ केलेलं म्हटलं, "प्रत्येक काम अगदी अचूक झाल्याशिवाय मला चैन पडत नाही."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "खोटा बोलतंस गो. परवा भात लागलो, तरी तसोच वाढलंस."

मला हसू आलं. "मग काय सांगू, आई?"

त्या पुन्हा जवळा निवडायला लागल्या. मला वाटलं, विषय संपला. मग खाली मान घालूनच म्हणाल्या, "तू कोणाक हाक मारीत नाय. तुझे सासरे बाथरूमात पडले तेव्हा एकटीन उचललंस. मी भायरच होतंय ना?"

"तुमचे गुडघे दुखतात. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"त्रास कसलो? माझो घोव तो."

त्या दिवशी सासऱ्यांना पलंगावर बसवून मी बाहेर आले, तेव्हा त्या दाराशी भिंतीला धरून उभ्या होत्या. मी "काही नाही झालं" म्हणून त्यांच्यासमोरून चहा ठेवायला गेले होते. मी त्यांना जपत होते. त्यांना मात्र वाटलं होतं, आता आपला काही उपयोग नाही. इतकी वर्षं त्या हे बोलल्या नव्हत्या.

मी त्यांच्या शेजारी बसले. दोघींनी मिळून जवळा निवडला. बाकीचे प्रश्न राहूनच गेले.

इंटरव्ह्यू दवाखान्याचं काम बघणाऱ्या बाईंनी घेतला. माझ्यापेक्षा लहानच असतील. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "आणि वीकनेस?"

पाठ केलेलं वाक्य आठवत होतं, पण ते तोंडातून निघेना. म्हटलं, "मी मदत मागत नाही. एकटीच करत बसते. घरी त्यामुळे एक माणूस दुखावलं, मला कळलंसुद्धा नाही." आणि आवाज चिरकला.

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "इथे सकाळी चाळीस पेशंट असतात. एकटीने नाही जमत हं."

"हो. म्हणून तर सांगितलं."

घरी आल्यावर सासूबाईंनी दारातच विचारलं, "काय झाला?"

"तुम्ही सांगितलं तेच उत्तर दिलं."

"अगो बाय! घरातला भायर सांगितलंस?" त्या रागावून आत गेल्या. पाणी घेऊन आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "मगे? काय म्हणाली ती?"

आठ दिवस फोन आला नाही. नवव्या दिवशी आला. त्यांनी आधी दुसऱ्या एकीला घेतलं होतं, तिला जमलं नाही म्हणून मला बोलावलं. आम्हाला दोघींना त्याचं काहीच वाटलं नाही. सासूबाईंनी शेजारी जाऊन साखर वाटली.

पहिल्या दिवशी साडी नेसताना मी हाक मारली, "आई, जरा निऱ्या धरता?"

त्या गुडघ्यावर हात ठेवत, भिंतीचा आधार घेत सावकाश खाली बसल्या. मला उशीर होत होता. त्या एकेक निरी बोटांनी सारखी करत राहिल्या. "गप उभी रव," म्हणाल्या, आणि मी उभी राहिले.