टेबलाखालची हसरी

मी गाव सोडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, मी रडतेय.

उमरग्याच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली होती. ह्यांच्या डोक्यावर बोचकं, माझ्या काखेत आईनं दिलेली भाकरीची काठवट. आई, दादा आणि वहिनी सोडायला आले होते. आईचं तेच तेच चाललं होतं. "परक्या मुलखात जपून ऱ्हा. दात दाखवत फिरू नको. तोंडावर पदर असू दे." मी मान हलवत होते. तेवढ्यात कुणाची तरी शेळी गाडीच्या पायरीवर चढली आणि कंडक्टर तिला म्हणाला, "मावशी, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या." मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलायचे थांबेनात. आईला वाटलं, पोर हुंदके देतेय. तिनं मला जवळ घेतलं आणि तीच रडायला लागली. वहिनींनी डोळे पुसले. गाडी सुटली, हुमनाबाद आलं, तरी हे माझी समजूत घालत होते. खरं रडू नंतर आलं, खोलीत काठवट ठेवायला जागा शोधताना. ते कुणी बघितलं नाही.

वहिनी, हे तुम्हाला लिहितेय. फोनवर माझ्या तोंडून शब्द निघत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बोचकं उचलून निघालेल्या सगळ्याच बायांना लिहितेय असंही समजा. चौथीपर्यंतचं शिक्षण, जमेल तसं लिहिते.

इथं शहराच्या कडेला संध्याकाळी रस्त्यावर ज्वारीच्या भाकरी करणाऱ्या बाया बसतात. भाकरीला इथं जोन्ना रोट्टे म्हणतात. शुगरवाले लोक मोटारीतून उतरून रांगेत उभे राहतात. "अम्मा, चार रोटी बांधो." "अम्मा, जरा नरम." मी मान वर करत नाही, थापत राहते. माझं नाव कमल आहे हे इथं फक्त ह्यांना आणि शेजारी चटण्या विकणाऱ्या यादम्माला माहीत. बाकी सगळ्यांची मी अम्मा.

भट्टीचा जाळ मोठा असतो. पहिल्याच दिवशी यादम्मानं माझा पदर मागं ओढला, खांद्याला पिन लावली आणि उरलेला कमरेला खोचला. "जल जाती तू," म्हणाली. तेव्हापासून कामावर पदर पिनेत आणि दोन्ही हात पिठात. ह्यांचा जुना फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि देवीची गाणी लावायची. एक गाणं संपलं की फोन आपलाच पुढचं काहीतरी लावतो. हात भरलेले असल्यावर त्याला अडवणार कोण?

एके संध्याकाळी गाणं संपलं आणि समुद्राच्या तळाचा एक प्राणी सुरू झाला. आठ पाय, हाड एकही नाही, आणि बाई हिंदीत सांगत होती की ह्याला तीन काळजं असतात. तो दगडावर बसला की दगड होतो, शेवाळावर बसला की शेवाळ. मग त्यानं दोन नारळाच्या करवंट्या उचलल्या, पोटाशी धरल्या आणि बाजाराला निघालेल्या म्हातारीसारखा उरलेल्या पायांवर तुरुतुरु चालायला लागला. मी हसले. मोठ्यानं. हात सवयीनं पदराकडं गेला तर पदर पिनेत, आणि हाताला ओलं पीठ. तोंड झाकायला काहीच नव्हतं. रांगेतले लोक बघत राहिले. यादम्मा ओरडली, "एमैंदी अक्का?" म्हणजे काय झालं गं. मी पिठाच्या बोटानं फोन दाखवला. तीही हसली. मग रांगेतला चष्मेवाला वाकून बघायला लागला आणि तोही हसला. तव्यावरची भाकरी करपली. ती मीच खाल्ली.

एवढ्या वयात असं उघड्या तोंडानं मी पहिल्यांदा हसले होते, वहिनी. आभाळ कोसळलं नाही.

आपल्याकडं जनावर म्हणजे बैल, म्हैस, शेळी. दूध देतं, ओढतं, नाहीतर विकता येतं. ज्याचं काही करता येत नाही त्याला दगड. लहानपणी बांधावर घोरपड ऊन खात बसलेली दिसली तर मी उभी राहून बघायची. आई म्हणायची, "बघून काय मिळणार हाय? शेण उचल." मी शेण उचलायची, पण मान तिकडंच असायची. आता मला कळतं की माझी मान तेव्हाही बरोबर होती.

मग फोन मला रोज काहीतरी दाखवायला लागला. मी बघते हे त्याला समजलं असणार. उंदराच्या जातीचा, पण डुकराएवढा मोठा एक प्राणी आहे. तो गरम पाण्यात डोक्यावर संत्रं घेऊन बसतो आणि त्याच्या पाठीवर कोणीही येऊन बसतं, पाखरं, माकडं, कासवं. तो काहीच म्हणत नाही. हे म्हणाले, "ह्याला कामधंदा न्हाय व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी हेच विचारतात, "तुझा तो संत्र्यावाला आला का?" एक माणूस समुद्राच्या वाळूत दिवसभर शेताएवढं चित्र काढतो. लाट येते, पुसून टाकते, आणि तो खुशीत बघत उभा. लोक त्याला विचारतात की मग काढतो कशाला. मला नाही विचारावंसं वाटलं. दारातली रांगोळी दुपारपर्यंत कोंबड्या विस्कटतात, म्हणून आपण काढायची सोडतो का?

आणि एक माझी हसरी. तिचं खरं नाव मला म्हणता येत नाही. पाण्यात राहते, गुलाबी, इवलेसे चार पाय, मानेला दोन्ही बाजूंनी पिसांसारखे तुरे. तोंडच असं की कायम हसतेय. तिचा पाय तुटला तर नवा येतो. मी ती शीतलला पाठवली. तुमची शीतल तेव्हा लग्नाची झाली होती आणि तुम्ही तिचा आवाज कमी करायला घेतला होता. ती फोनचा आवाज बंद करून गोठ्यात जाऊन बघायची आणि मला नुसते हसरे चेहरे पाठवायची.

लग्न ठरलं तेव्हा तिनंच फोन केला. "आत्या, रुखवतात हसरी मांड."

"अगं, वहिनी काय म्हणतील?"

"मांड तू. तिथली माणसं हसतात का तोंड वाकडं करतात, मला बघायचंय. एकदा गेले की मग कळून काय उपयोग?"

हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते. तिला तिचं सासर बघायचं होतं, वहिनी. मुलगा तिनं चहाचे कप घेऊन येताना, तेवढाच बघितला होता.

मी तीन प्राणी केले. हसरी मसुराच्या डाळीची, चिकटवून चिकटवून, आणि तुरे गुलाबी रंगात बुडवून तळलेल्या कुरडयांचे. आठ पायांचा केला चकल्यांचा. संत्र्यावाला शेंगदाण्याच्या लाडवाचा, डोक्यावर एक पिवळं बोर. गाडीत दुरडी मांडीवर धरून आणली, जाताना काठवट धरली होती तशीच.

तुम्ही दुरडीवरचं फडकं उचललं आणि परत टाकलं. "कमल, पाव्हण्यांसमोर शोभा करू नको. पोरीला जन्मभर बोल लावतील." उमरग्याहून आणलेली थर्माकोलची हंसाची जोडी, मोर, तुळशीवृंदावन टेबलावर लागलं. माझी दुरडी टेबलाखाली, चादरीआड गेली. तुमची भीती खोटी नव्हती. तुम्ही आलात तेव्हा तुमच्या रुखवतातल्या करंज्यांना आमच्या आईनं नावं ठेवली होती, आणि ती तुम्ही किती वर्षं ऐकली ते मी बघितलंय.

मग शीतल आली. हळदीचे हात, मुंडावळ्या, चार पोरी मागं. तिनं टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मला म्हणाली, "आत्या, माझी हसरी कुठाय?"

मी खाली वाकले. दुरडी काढली. जागा नव्हती म्हणून हंस बाजूला सारला, तर त्याची मान मोडली. मुद्दाम मोडली नाही. वाईटही वाटलं नाही. तिथंच, बरोबर मधोमध, तिघांना मांडलं. तेवढ्यात नवऱ्याकडच्या बाया आल्या.

"अगं बया! ही पाल कुणी मांडली?" नवरदेवाची चुलती. वहिनी, तुमचा चेहरा मी बघितला. मी पळाले असते. पण टेबल आणि कनातीच्या मधे अडकले होते.

"पाल न्हाय," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "पाण्यातली हाय. पाय तुटला तर तिला परत येतो."

"आन् हसतीय कशाला?"

"तिचं तोंडच तसं हाय. तिला कुणी पदर घे म्हणत न्हाय."

चुलतीबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचं पोट हललं, मग खांदे, मग त्या खुर्चीवर बसल्या आणि डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसल्या. तोंड उघडं. एक दात सोन्याचा. "अगं ये गं, बघ गं, पदर घे म्हणत न्हाय म्हणती!" सगळ्या बाया आल्या. मोराकडं कुणी बघेना. तुटलेला पाय परत येतो हे सांगत कुणीतरी नवरदेवाला घेऊन आलं. तो लाजत उभा राहिला, आठ पायांच्याकडं बघितलं, आणि एक चकलीचा पाय मोडून तोंडात टाकला.

"आरं, रुखवत खातोस व्हय!" चुलती ओरडली.

"येतोय की परत," तो म्हणाला.

शीतलनं माझ्याकडं बघितलं. मुंडावळ्यांमधून तिचे सगळे दात दिसत होते.

तुम्ही त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. निघताना शिदोरी दिलीत, तीही दादाच्या हातून. गावात मला पालवाली म्हणतात हेही मला कळतं. म्हणू देत. इथं मला अम्मा म्हणतात, तेही माझं नाव नाही. इथं मी उघड्या तोंडानं हसते कारण मला कुणी ओळखत नाही. तिथं सगळे ओळखतात म्हणून मी पंचवीस वर्षं पदर चावला. बरीच वर्षं मला वाटायचं, हेच माझ्या वाट्याचं, अर्धी मी तिथली आणि अर्धी इथली. आता ते मला मान्य नाही. जिथं मला ओळखतात तिथंच मला हसायचंय. इथल्या हसण्याला सोबत आहे, पण त्याला घर म्हणता येत नाही. इथं माझ्या आईला ओळखणारं कुणी नाही.

परवा तुमचा फोन आला. तुमच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. मला आनंद झाला. तुम्ही म्हणालात, "ये, पण ह्या बारीला हात हलवत ये." मी नुसतं हं म्हणाले. ते हं खरं धरू नका.

ह्या बारीला काय करायचं ते धाकटीला विचारून घेतलंय. तिला एक माकड आवडलंय, त्याचं नाक हनुवटीच्या खाली लोंबतं. ती म्हणाली, नाक पडवळाचं कर. तुम्ही ते टेबलावर मांडा, नाही मांडलं तर मी मंडपाच्या दारात मांडीन, आणि तिथूनही हाकललंत तर मांडीवर घेऊन पंगतीत बसेन. शीतल आणि तिच्या चुलत सासूबाई येणार आहेत, सोन्याच्या दातासकट. त्यांना जागा धरून ठेवा.

मी उमरग्याच्या स्टँडवर उतरेन. दादाला न्यायला पाठवा. आणि वहिनी, माझा पदर खांद्याला पिनेनं लावलेला असेल. यादम्माकडून मोठी पिन घेतलीय. सहज निघत नाही.