टीम बंद झाली तेव्हा माइक माझ्याकडे होता

फुटबॉलमधलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. इंग्लंडात लेस्टरच्या ज्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये आमच्या मंडळाचा गणपती बसतो, तिथल्या मॅनेजरने मला कार्यक्रमाचं निवेदन करताना ऐकलं होतं, एवढंच. मी मराठीत काय बोलत होते ते त्याला समजलं नसणारच. पण एक दिवस त्याचा फोन आला. त्यांच्या हॉलमध्ये इनडोअर फुटबॉलची नवी प्रोफेशनल टीम येणार होती, रविवारी दुपारी मॅचेस होणार होत्या आणि त्यांना माइकवर बोलायला कोणीतरी हवं होतं. "तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो," तो म्हणाला.

आठवडाभर हॉस्पिटलच्या फार्मसीत मी काचेमागे उभी राहून हळू आवाजात गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत असते. मी लगेच हो म्हटलं. नवरा म्हणाला, "अगं, ऑफसाइड म्हणजे काय ते तरी माहीत आहे का तुला?" आमच्या खेळात ऑफसाइड नसतोच, हे मी त्याला पहिल्या रविवारी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात ऐकवलं.

बॅडमिंटनच्या कोर्टांवर हिरवं कार्पेट अंथरायचं, चारी बाजूंनी कमरेएवढे बोर्ड लावायचे, की झालं मैदान. बॉल बाहेर जातच नाही. बोर्डवर आपटून परत येतो आणि प्रत्येक वेळी असा आवाज होतो की पहिल्या दिवशी मी दर वेळी दचकत होते. खेळाडूंची नावं, गोल कोणी केला, कोणाची गाडी चुकीच्या जागी लावली आहे, हे सगळं मी सांगायचं.

पहिल्याच मॅचला समोरच्या टीमने गोल केला आणि मी तो आपलाच असल्यासारखा आनंदाने जाहीर केला. अख्खा हॉल हसला. हाफटाइमला आमचा गोलकीपर माझ्या टेबलाशी आला आणि चक्क मराठीत म्हणाला, "ताई, आमच्यावर गोल झालो की इतकी खूश होऊ नकोस गं."

तो गोव्याचा, पेडण्याच्या बाजूचा. पोर्तुगीज पासपोर्टवर इकडे आलेला. वेअरहाऊसमध्ये काम करत करत लोकल लीगमध्ये खेळायचा. आता वेअरहाऊस सोडून तो पूर्ण वेळ फुटबॉलपटू झाला होता, शिवाय टीमचा कॅप्टन. मला ताई म्हणायचा आणि अगं-तुगं करायचा. त्याच्या कोकणीत तसंच चालतं. त्याची बायको गरोदर होती. ती पहिल्या रांगेत पोटावर कोट पांघरून बसायची आणि मॅच संपली की मला उसळीची पाककृती विचारायची.

तो सगळा हिवाळा मी रविवारची वाट बघत काढला. बाहेर चार वाजता अंधार पडलेला असायचा आणि आत आम्ही सगळे घसा फुटेस्तोवर ओरडत असायचो. टीम बरी खेळत होती. लोक फार येत नव्हते, पण जे येत ते न चुकता येत. काही बिनसलं आहे असं कोणालाच वाटलं नव्हतं. मला तर मुळीच नाही.

त्या रविवारी जिंकलो तर सेमीफायनलला जाणार होतो. हाफटाइमला टीमचा डायरेक्टर माझ्याकडे आला. एरवी तो लांबूनच हात करायचा. हातात चिप्सचा पुडा होता. तो वाकून म्हणाला, "मॅच संपली की सगळ्यांचे आभार माना. आणि सांगून टाका की ही आपली शेवटची मॅच होती."

मला वाटलं, या हॉलमधली शेवटची. "पुढच्या मॅचेस कुठे आहेत?" मी विचारलं.

"पुढच्या नाहीत. टीम बंद करतोय आम्ही. आजपासून."

"आजपासून? खेळाडूंना माहीत आहे?"

"नाही. आधी सांगितलं तर सेकंड हाफ नीट खेळतील का?" त्याने एक चिप तोंडात टाकली. "तुमचं काम मात्र छान झालं, बरं का." आणि तो गेला. प्रेक्षकांत नाही, ऑफिसकडेही नाही. बाजूच्या दाराने सरळ पार्किंगमध्ये.

मी माइक चालू आहे की बंद ते दोनदा तपासलं, कारण हे सगळं हॉलभर ऐकू गेलं असेल अशी मला भीती वाटली. कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. खेळाडू पाणी पीत होते. गोलकीपर दातांनी ग्लोव्हची पट्टी घट्ट करत होता.

सेकंड हाफ सुरू झाला. पहिल्याच गोलला मी भलत्याचंच नाव घेतलं. हॉस्पिटलमध्ये मी इतकी वर्षं काढली आहेत. वाईट बातमी देताना डॉक्टर नातेवाइकांना आत बोलावतात, खुर्ची देतात. ही बातमी मी स्पीकरवरून द्यायची? गाड्यांच्या नंबरांसारखी?

खेळ चालू असतानाच मी उठले आणि कोचच्या बाकाशी गेले. कोच ग्लासगोकडचा, फार न बोलणारा म्हातारा. मी त्याच्या कानात सांगितलं. तो हसला. मग माझा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"कोण म्हणालं?"

"डायरेक्टर. आत्ता, हाफटाइमला."

"परवा माझ्याशी पुढच्या सीझनचं बोलत होता तो," कोच म्हणाला. मग त्याने घड्याळाकडे पाहिलं. "खेळू दे त्यांना. मी सांगतो नंतर. तू काही जाहीर करू नकोस."

बरोबरी होती. शेवटी शेवटी आमच्यावर पेनल्टी आली. गोलकीपरने आडवं पडून ती अडवली, बॉल बोर्डवर आपटून थेट आमच्याच माणसाकडे गेला आणि त्याने समोर जाऊन गोल केला. मी ओरडले. सगळं माहीत असून मी खुर्चीवरून उठून ओरडले.

शिट्टी झाली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. आणि तेवढ्यात मागचं मोठं दार उघडलं, एक लॉरी रिव्हर्समध्ये येऊन दाराला लागली, पिवळी जॅकेटं घातलेली माणसं आत आली आणि त्यांनी पलीकडच्या टोकाचे बोर्ड काढायला सुरुवात केली. खेळाडू अजून नाचत होते. गोलकीपरने त्या माणसांना हात हलवून "थँक्यू" म्हटलं. एखादा बोर्ड सैल झाला असेल, दुरुस्त करत असतील, असं त्याला वाटलं.

मग त्यांनी कार्पेट गुंडाळायला घेतलं.

कोच धावत मधोमध गेला आणि सगळ्यांना रिंगण करून उभं केलं. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मला फक्त पाठी दिसत होत्या. आधी त्या हलत होत्या, धापा टाकत होत्या. मग सगळ्या एकदम थांबल्या. एक जण मटकन खाली बसला. कोट हातात घेऊन लोक तसेच उभे राहिले होते.

गोलकीपर त्या घोळक्यातून निघाला आणि आपल्या गोलच्या चौकटीत जाऊन उभा राहिला.

पिवळ्या जॅकेटवाला एक जण पाना घेऊन त्याच्याजवळ गेला. "मित्रा, हा गोल काढायचा आहे."

"नाही," गोलकीपर म्हणाला.

त्या माणसाने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी जवळ गेले. "त्यांना आत्ता कळलंय," मी म्हटलं.

"आत्ता म्हणजे?"

"आत्ता. या मिनिटाला."

"आम्हाला तर मागच्या आठवड्यातच बुकिंग दिलं होतं," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने पाना खाली ठेवला, बाकीच्यांना हाक मारली आणि ते सगळे अर्धवट गुंडाळलेल्या कार्पेटवर जाऊन मुकाट बसले. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं.

मी माइक घेतला. आभार वगैरे मी मानले नाहीत. "ही टीम आज बंद झाली," मी म्हटलं. "खेळाडूंना हे आत्ताच कळलं आहे. कोणी घाई करू नका." मग लोक पायऱ्या उतरून खाली आले. कोणी हात मिळवला, कोणी नुसतंच जवळ उभं राहिलं. गोलकीपरची बायको सावकाश चालत गोलपर्यंत गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

तो माझ्याकडे वळला. "ताई, तुका खबर आशिल्ली?" एरवी माझ्याशी तो मराठी बोलायचा. त्या वेळी कोकणीच आली.

"हाफटाइमला कळलं."

"म्हणजे मी पेनल्टी अडवली, तू एवढी ओरडलीस, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो. पण ओरडले ते खरंच."

त्याने ग्लोव्ह काढले. रागावला असता तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने तो स्वतःच गोलमधून बाहेर आला आणि त्या माणसाला म्हणाला, "घे काढून."

दोन-तीन दिवसांत टीमची वेबसाइट गेली. सेमीफायनल झालीच नाही. पुढे बाकीच्या टीमही एकेक करून बंद झाल्या. त्या हिवाळ्यात अशी एक टीम होती हे आता कुठे लिहिलेलं सापडत नाही. नवरा अजून अधूनमधून म्हणतो, "खेळ चालू असताना असं कसं बंद करतात गं?"

पुढे उन्हाळ्यात गोलकीपर आमच्या फार्मसीच्या खिडकीशी आला. मुलगी झाली होती. बायकोसाठी लोहाच्या गोळ्या न्यायच्या होत्या. वेअरहाऊसवाल्यांनी त्याला परत घेतलं होतं. मी पिशवी पुढे केली तरी तो हलेना.

"ताई, तो डायरेक्टर त्या दिवशी नेमकं काय बोलला? जसंच्या तसं सांग."

मी आठवून आठवून शब्द न शब्द सांगितला. चिप्सचंही सांगितलं.

"'तुमचं काम छान झालं', असं म्हणाला? तुला?"

"हो."

"आणि आमच्याबद्दल?"

मी आठवायचा प्रयत्न केला. आठवण्यासारखं काही नव्हतंच. "काही नाही रे."

त्याने मान हलवली. मागे दोघं-तिघं खोळंबली होती. त्याने पिशवीतली बाटली काढून लेबल उलटसुलट करून पाहिलं.

"ह्यो गोळ्यो जेवल्यावर घ्यायच्या की आधी?"

"रिकाम्या पोटी," मी म्हटलं. "आणि त्यावर लगेच चहा नको म्हणावं तिला."