बारा जणांसमोर मावशी

माझ्या मावशीने आयुष्यात कुणाशी नुसत्या गप्पा मारल्याचं मला आठवत नाही. समोर येईल त्याला ती पटवायलाच बसायची. ती डब्लिनमध्ये बॅरिस्टर. अन्याय झालेल्यांच्या बाजूने उभी राहायची. बदनामीचे दावे तिथे बारा सामान्य माणसांच्या ज्युरीपुढे चालत, त्यामुळे तिला अख्खं आयर्लंड ज्युरीच वाटे. घराजवळच्या ओंगारच्या बसस्टॉपवर ती अनोळखी आजोबांना पक्षकारांची नावं गाळून आपलं कोर्टातलं भाषण ऐकवी. बस आली तरी आजोबा जागचे हलले नाहीत, तर भाषण पास. रविवारी ल्यूकनला आमच्याकडे पोहे खायला येणाऱ्यांची तर सुटकाच नसे. कुणी मोबाइलकडे पाहिलं की ते वाक्य तिथल्या तिथे कापलं जाई. एकदा माझ्या बायकोने जांभई दिली आणि सबंध परिच्छेद गेला.

"अहो मावशी, मी रात्रपाळी करून आलेय," बायको कळवळून म्हणाली.

"ज्युरीतही कुणीतरी रात्रपाळी करून आलेलं असणारच!" असं म्हणून मावशीने कागदावर काट मारली.

२०२०च्या सुरुवातीला तिच्याकडे एका आयरिश बाईंचा दावा होता. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या, पन्नाशीच्या. गावातल्या एकमेव किराणा दुकानाच्या दारात गार्डने त्यांना अडवलं आणि शेजारीपाजारी बघत असताना क्रीमची डबी चोरल्याचा आरोप करून पर्स उलटी केली. पावती कोटाच्या खिशात निघाली. दुकानवाल्यांचं म्हणणं एवढंच, की आम्ही लगेच माफी मागितली, विषय संपला. मावशीने आमच्यासमोर भाषणाच्या सात तालमी केल्या. प्रतिष्ठा, सन्मान, अब्रू, सगळं त्यात होतं. आम्ही माना डोलावत होतो, पण तिचं समाधान होईना.

तेव्हा साताऱ्याहून आमचे बाबा आले होते. इंग्रजी भाषण त्यांना समजेना, म्हणून मावशीने सगळी हकिकत मराठीत सांगितली. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ती बाई आता दूध कुठनं आणती?"

मावशी उठून उभीच राहिली. "भाऊजी, हे मी तिला विचारलंच नाही!"

खटल्याच्या दिवशी मी रजा काढून कोर्टात बसलो होतो. काळ्या झग्यातली माझी मावशी साक्षीच्या पिंजऱ्याकडे वळली आणि तिने बाईंना तेवढंच विचारलं. बाई म्हणाल्या, "शेजारच्या गावातून. दोन बस बदलून. आमच्या दुकानात मला बघितलं की लोक आपापल्या पिशव्या जवळ घेतात." बाराची बारा माणसं लिहायची थांबली. शेवटच्या भाषणात मावशीने अब्रू हा शब्द एकदाही उच्चारला नाही. त्या दोन बसचा प्रवास तेवढा सांगितला. तासाभरात ज्युरी परतली. बाई जिंकल्या! बाहेर नदीकाठच्या वाऱ्यात त्यांनी मावशीला अशी मिठी मारली, की मावशीचा चष्मा वाकडा झाला. तो तिने दिवसभर तसाच मिरवला. घरी आल्यावर पहिला पेढा बाबांच्या हातात ठेवला आणि चक्क वाकून नमस्कार केला.

मग मार्चमध्ये सगळंच बंद झालं. पुढच्या वर्षी तिची बरीचशी कामं संगणकाच्या पडद्यावर होऊ लागली. समोर चौकोनांतले चेहरे, आवाज बंद केलेले. एका दुपारी तिने मला फोन केला आणि नव्या दाव्याची हकिकत सांगत राहिली. सुंदर सांगत होती. मी भान हरपून ऐकत होतो. अचानक ती थांबली.

"अरे, आहेस ना?"

"आहे मावशी. ऐकतोय."

"मग मधूनमधून हूं म्हण रे," ती हळूच म्हणाली. "हल्ली कुणी म्हणतच नाही."