किसनाकाकाची पुडी

मित्रांनो, आज आर्वीला रखमाकाकूंना भेटून आलो. त्यांचा नवरा किसनाकाका कापसाच्या गाड्या भरायचा. ऐंशीच्या दशकात गावात गांजाचं परवान्याचं दुकान होतं. काका दिवसाढवळ्या तिथून पुडी घ्यायचा, सरकारला कर मिळायचा.

मग कायदा बदलला, दुकान बंद झालं. काका चोरून घेऊ लागला आणि पकडला गेला. जेलमधून खंगून आला, तो पुन्हा उठलाच नाही.

मी म्हटलं, "काकू, परवाना अन् कर परत सुरू कराले पाहिजे."

"तवा मी ठानेदाराच्या पाया पडली, म्हटलं हा कोनाले त्रास देत नाई. कोनं आयकलं? आता तुह्यं कोन आयकते, बाप्पा?"

गांजा आजही मिळतोच. मग दुकान बंद करून काय बंद झालं, सांगाल?