फळ्यावरची चौकट

अठरा वर्षं इस्पितळाच्या हृदयविभागाची फरशी पुसल्यावर मामीनं तंत्रज्ञाच्या परीक्षेचा अर्ज भरला. बारावी तिनं शास्त्र घेऊन चांगल्या मार्कांनी केली होती. कुणी कधी विचारलं नव्हतं, एवढंच.

शिकवायला विभागातलेच जुने तंत्रज्ञ होते. सगळे त्यांना सर म्हणत, जसं तिला मामी. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "फरशी पुसणारीनं खाली बघावं, यंत्राच्या पडद्याकडे नाही." मामीही काही गरीब गाय नव्हती. ती मुद्दाम पहिल्या बाकावर जाऊन बसली.

तोंडी परीक्षेला सरांनी हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा आलेख काढला. आडवं कप्प्यातल्या रक्ताचं माप, उभा दाब, मधे एक चौकट. प्रत्येक ठोक्याला कप्पा या चौकटीभोवती एक फेरी मारतो. उजवीकडच्या उभ्या रेघेवर खडू आपटत त्यांनी विचारलं, "दाब एवढा चढला. रक्त किती बाहेर गेलं?"

"थेंबभरही नाही."

"मग हृदय उगाच जोर काढतंय?"

"आत रक्त घेणारी झडप मिटलीय, बाहेरची अजून उघडली नाही. जाणार कुठून? आतला दाब धमनीपेक्षा वाढला की बाहेरची उघडते, रक्त जातं, माप घटतं. मग तीही मिटते. दाब झपकन उतरतो, माप तेवढंच राहतं. मग आतली उघडून कप्पा भरतो. भरताना दाब फारसा चढत नाही."

"पोपटपंची! बाहेरची झडप आखडलेल्या माणसाचा काढ."

हे वर्गात शिकवलंच नव्हतं. मामीनं खडू उचलला. वाट अरुंद, म्हणजे जोर जास्त. तिनं चौकट उंच केली. रक्त पुरतं निघत नाही, मागे जास्त उरतं, म्हणून डावी रेघ थोडी उजवीकडे सरकवली.

 सरांनी फडक्यानं सगळं पुसून टाकलं. "काठावर पास."

"चूक काय झाली?"

"या जागेवर माझी पुतणी येणार होती."

"मग तिला उभं करायचं होतं फळ्यापुढे."

त्यानंतर चार वर्षं दोघं एकाच खोलीत राबली. बोलणं आकड्यांपुरतं. सरांच्या निरोपसमारंभाला सगळा विभाग गेला. मामीच्या टेबलावर पेशंट होता. नसता, तरी ती गेली नसती.