सिनापातीची दुसरी नोकरी

मांगेरेच्या त्या गल्लीत सिनापातीइतकी कामसू बाई दुसरी नव्हती, आणि तिच्याइतकी कमी कुरकुरणारी तर नव्हतीच नव्हती. हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिनं अठरा वर्षं काढली. पहाटे कामावर, दुपारी घरी, मग स्वयंपाक, मुलं, चर्चमधल्या बायकांची गाण्याची तालीम. समुद्रापलीकडच्या सावाई बेटावरून इथे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, अंगावर काकूचा स्वेटर आणि तोंडात इंग्रजीचे दहा-बारा शब्द. तेवढ्या भांडवलावर तिनं संसार उभा केला. तिचा नवरा एती खाटीकखान्याच्या शीतगृहात काम करायचा. तोही गुणी माणूस, पण बोलायला लागला की त्याला थांबवावं लागे.

त्यांचं भाड्याचं घर म्हाताऱ्या घरमालकानं विकायला काढलं, तिथून ही गोष्ट सुरू होते. मालक भला होता. म्हणाला, "तुम्हीच घ्या. नाताळपर्यंत थांबतो, पुढे मात्र मुलगा ऐकायचा नाही." बँकेतल्या बाईनं दोघांच्या पगाराचे आकडे पाहिले आणि मान हलवली. थोडं कमी पडत होतं. दुसरी काही कमाई सहा महिने टिकवून दाखवलीत तर कर्ज देता येईल, असं ती म्हणाली.

सिनापातीनं त्याच आठवड्यात दुसरी नोकरी धरली. विमानतळाजवळच्या कार्यालयांत आठवड्यातून तीन संध्याकाळी झाडलोट आणि फरशा. आठवड्याचे सव्वादोनशे डॉलर. मनात तिनं घराला पडदेसुद्धा लावून टाकले.

पहिला पगार आला, तर सव्वादोनशेतले शंभर कापलेले. तिनं पगारपत्रक उलटून पाहिलं, जणू उरलेले पैसे मागच्या बाजूला असतील. एतीनं रविवारी चर्चनंतरच्या जेवणात हा विषय काढला. काढायला नको होता, पण एतीच तो.

रविवारचं जेवण तुआलाऊंच्या गॅरेजात व्हायचं. तुआलाऊ म्हणजे सिनापातीच्या आईचे थोरले भाऊ आणि मताई, म्हणजे घराण्याचे प्रमुख. त्यांनी घास घेतल्याशिवाय कुणी घास घेत नसे आणि त्यांनी बोलून झाल्यावर कुणी बोलत नसे. उंच, ताठ, केस पांढरेशुभ्र. आयुष्यभर गोदामात फोर्कलिफ्ट चालवली, पण चालायचे असे की गोदाम त्यांचंच. माणूस खरोखर मोठ्या मनाचा होता. कुणाच्या घरी मयत असो की लग्न, रिवाजाप्रमाणे चटया आणि डुकरं घेऊन पहिले हेच हजर.

"मी काय सांगत होतो?" तुआलाऊ म्हणाले. "दुसऱ्या नोकरीचा पगार सरकारचा असतो, आपला फक्त घाम. कराच्या पायऱ्या असतात, पोरी. वरच्या पायरीवर पाय पडला की खालच्या सगळ्या पगारालाही वरचाच कर. म्हणजे धुलाईघरातलेसुद्धा कमी होणार."

"सगळ्यालाच?" एती म्हणाला.

"सगळ्याला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सोड ती नोकरी. पुढच्या रविवारी इथे सगळ्यांसमोर सांग, सोडली म्हणून."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तुआलाऊंच्या या सल्ल्यावर आजवर कुणी पहारेकऱ्याचं काम सोडलं होतं, कुणी पेट्रोल पंपावरचं. खरं-खोटं कुणी पाहिलं नव्हतं. मताईचा शब्द तपासायचा म्हणजे पाद्र्याकडे प्रार्थनेची पावती मागण्यासारखं.

सिनापातीनंही मान डोलावली. पण घरी आल्यावर तिला पडद्यांचा रंग आठवत राहिला आणि तिला रागच आला. कुणाचा, ते तिचं तिलाही नीट कळेना.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं करखात्याला फोन लावला. फोनवर संगीत वाजायला लागलं. एका हातानं फोन कानाशी धरून दुसऱ्या हातानं तिनं डबा संपवला, पाणी प्यायली, चहाही झाला, आणि सुट्टी संपता संपता पलीकडून एका मुलीचा आवाज आला. सिनापातीनं एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला, कारण पहिल्या दोन उत्तरांवर तिचा विश्वास बसेना.

उत्तर असं होतं: खालच्या पायरीतल्या पैशांना खालचाच दर. वर्षाला साडेत्रेपन्न हजारांच्या वर जे जाईल, तेवढ्यालाच वरचा, शंभराला तीस. धुलाईघराचा पगार त्या रेषेच्या खाली होता, त्याला धक्काही लागणार नव्हता. मग शंभर का कापले? कारण नव्या नोकरीच्या अर्जावर कराच्या प्रकाराचं अक्षर लिहायचं राहिलं होतं. मुकादम म्हणाला होता, नंतर भरा. ते अक्षर नसलं की सरकार सगळ्यात चढा दर लावतं, जवळजवळ निम्मा. अक्षर लिहून द्या, पुढच्या पगारापासून कमी कापतील. आणि जास्तीचे कापलेले पैसे वर्ष संपल्यावर परत येतील.

"मग झालं की," रात्रीची भांडी पुसताना एती म्हणाला. "रविवारी सगळ्यांसमोर सांगून टाक, मामा चुकले म्हणून."

"आणि त्यांनी काय करायचं? खाली मान घालून जेवायचं?"

"चुकले ते चुकले."

"तुझी जीभ आहे का कात्री? माझ्या आईचा भाऊ आहे तो. मी आले तेव्हा विमानतळावर कोण उभं होतं, तू?"

"मी तेव्हा तुला ओळखतही नव्हतो."

"तेच म्हणतेय."

"बरं, मग सोड नोकरी."

"नोकरी सोडणार नाही," सिनापाती म्हणाली. "आणि मामालाही सोडणार नाही."

कौतुक करावं ते इथे. घर हवं म्हणून भांडणारे पुष्कळ असतात, आणि माणूस हवा म्हणून घरावर पाणी सोडणारेही असतात. तिला दोन्ही हवं होतं, आणि त्यात आपण फार मागतोय असं तिला वाटत नव्हतं.

शनिवारी दुपारी ती तुआलाऊंकडे गेली. ते गॅरेजात स्टुलावर बसून उद्याच्या जेवणासाठी तारोचे, म्हणजे अळूचे, कंद खरवडत होते. तिनं दुसरी सुरी घेतली आणि शेजारी बसली.

"मामा, एक तिढा आहे. तुम्हीच सोडवा."

"बोल."

"गावी पाद्र्याला द्यायचं ठरलंय. पहिल्या दहा टोपल्यांवर टोपलीमागे एक कंद. दहाच्या वर गेलात तर टोपलीमागे तीन. यंदा भावाकडे बारा टोपल्या निघाल्या. त्यानं किती द्यायचे?"

"सोळा," तुआलाऊ सुरी न थांबवता म्हणाले. "दहाचे दहा, वरच्या दोनचे सहा."

"सगळ्या बाराही टोपल्यांवर तीन-तीन नाही ना?"

"का म्हणून? पाद्री आहे की दरोडेखोर? पहिल्या दहांचं ठरलेलं दिलं, ते झालं. असं असतं तर कुणी अकरावी टोपली भरलीच नसती. दहा भरून झोपली असती माणसं."

"तेच मलाही वाटलं," सिनापाती म्हणाली आणि पुढचा कंद उचलला.

बराच वेळ नुसत्या सुऱ्यांचा आवाज येत राहिला. मग तुआलाऊंची सुरी थांबली.

"हे तू कुठल्या पाद्र्याबद्दल बोलते आहेस?"

"राजधानीतल्या, वेलिंग्टनच्या, मामा. सरकारी पाद्र्याबद्दल."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मीही एकदा दुसरी नोकरी धरली होती, माझ्या हातात निम्मे आले होते. निम्मे! या डोळ्यांनी पाहिलंय मी. कुणी ऐकीव सांगितलेलं नाही."

"माझ्याही हातात निम्मेच आले," ती हळूच म्हणाली. "माझा अर्ज भरायचा राहिला होता. तुमचा भरला होतात?"

तुआलाऊंनी हातातला कंद फिरवला. मग कंदाकडे बघत म्हणाले, "कामाला लागलो आणि तिसऱ्या दिवशी वडील गेल्याचा फोन आला. तसाच विमानात बसलो. अर्ज कुठला भरतोय मी." त्यांनी सुरी खाली ठेवली. "परत आलो, ते पगारपत्रक पाहिलं आणि मुकादमाच्या टेबलावर फेकून निघून आलो."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं. पण या माणसानं सगळ्या गोतावळ्याला ताक पिऊ दिलं नव्हतं. सिनापातीच्या ओठांवर हे आलं होतं, पण तिनं ते गिळलं.

"जा आता," ते म्हणाले. "मुलं वाट बघत असतील."

ती गाडीत बसली आणि रडली. ते दुखावले होते की नुसते रागावले होते, तिला कळलं नव्हतं. आणि उद्या ते काय विचारतील, हेही.

रविवारी जेवणं अर्ध्यावर आली होती. अळूच्या पानांतलं नारळाचं दूध मुलांच्या हनुवट्यांवरून ओघळत होतं. तेवढ्यात तुआलाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं, "सिना, नोकरीचं काय केलंस?"

एतीनं तोंड उघडलं. सिनापातीनं टेबलाखालून त्याचा पाय दाबला. सोडली म्हणाली असती तर खोटं झालं असतं, आणि घरही गेलं असतं. धरून ठेवली म्हणाली असती तर चाळीस माणसांसमोर मामाचा शब्द मोडला असता. तिनं सगळं त्यांच्या हातात दिलं.

"मामा, तुम्ही सांगाल तसं."

असं म्हणायला केवढी छाती लागते! काल ज्या माणसाचा अभिमान दुखावला, त्याच्यापुढे ती आपलं घर ठेवत होती आणि त्याच्या चांगुलपणावर भरवसा टाकत होती.

तुआलाऊंनी ताट बाजूला सारलं. ते उभे राहिले, तशी मुलंही गप्प झाली.

"मी सांगेन तसं," ते म्हणाले. "मी सांगितलं तसं तुम्ही सव्वीस वर्षं वागलात. मी सांगितलेलं चूक होतं. वरच्या पायरीचा कर वरच्याच पैशांना लागतो, खालच्यांना नाही. मी एक अर्ज भरला नाही, आणि साप समजून भुई धोपटत राहिलो. ज्यांनी माझं ऐकून काम सोडलं, त्यांची मी क्षमा मागतो."

कुणाला कुठे बघावं कळेना. मताईनं क्षमा मागितलेली त्या गॅरेजानं पाहिली नव्हती. कुणीतरी म्हणालं, "असू द्या, तुआलाऊ."

"असू कसं देऊ? बसा, अजून संपलं नाही." त्यांचा आवाज खाली आला. मामीला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि इतक्या दिवसांत त्यांनी तिचं नाव चारचौघांत घेतलं नव्हतं. आता घेतलं. "पेलेनिसीला बेकरीत संध्याकाळचं काम मिळालं होतं. म्हणाली, दोनेक वर्षं करते, आपलं घर होईल. मी म्हटलं, सरकारचं पोट भरायला जातेस का? ती भांडली नाही. याच सिनासारखी खाली बघून म्हणाली, तुम्ही सांगाल तसं."

मागच्या रांगेतली एक म्हातारी हाताच्या पाठीनं डोळे पुसत होती.

"ती भाड्याच्या घरातच वारली," तुआलाऊ म्हणाले. "सिना, तू काम सोडायचं नाहीस. आणि यापुढे मला कुणी 'तुम्ही सांगाल तसं' म्हणायचं नाही. आधी विचारायचं, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

पुढे डिसेंबरात सह्या झाल्या आणि घर झालं. पण त्या दुपारी अजून कशाचाच भरवसा नव्हता, आणि सगळे नुसते बसून होते, कारण मताई उभे होते आणि ते बसल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नसतो. तुआलाऊ बसले नाहीत. ते वाढपाच्या टेबलापाशी गेले, तारोचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला, आणि आजवर ज्यांनी स्वतःचं ताटही स्वतः वाढून घेतलं नव्हतं, त्यांनी तो भाचीच्या ताटात वाढला.

"जेव," ते म्हणाले. "आज तू आधी."